४४ अंशांच्या उन्हात उणे ४०: एका कूलंट सेन्सरची घरी केलेली तपासणी

मे महिन्यातली दुपार होती. आईला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आम्ही अमळनेरला परत निघालो होतो. वाटेत एका रसवंतीवर दहा मिनिटं थांबलो, आणि परत बसलो तर गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरायचं, पण पकडायचं नाही. पेट्रोलचा उग्र वास येत होता. चावी फिरवल्याबरोबर बोनेटखालचा फॅन पूर्ण जोरात सुटत होता आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. रसवंतीवाला "काय व्हयनं भाऊ?" म्हणत बाहेर आला. त्याने आईला सावलीत खाट टाकून दिली. पाऊण तासाने इंजिन थोडं निवलं तेव्हा काळा धूर टाकत गाडी एकदाची सुरू झाली.

सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन अशा उन्हात रस्त्यावर अडकणं काय असतं, ते आपल्या खान्देशात कुणाला सांगायला नको. म्हणून हे प्रकरण मी शेवटपर्यंत लावून धरलं. त्याची हकिगत जशी घडली तशी, आकड्यांसकट लिहितो आहे.

गाडी २०१७ ची, बीएस-४, पेट्रोल हॅचबॅक. ७८ हजार किलोमीटर झालेली. त्याच वर्षी जानेवारीत रेडिएटरचा वरचा होज गळत होता म्हणून एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हती. पुढे तिचाच संबंध निघाला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि कूलंट टेम्परेचर सेन्सरचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड आल्याचं सांगितलं. नवा सेन्सर बसला, कोड पुसला गेला, दिवा विझला. पाच दिवस गाडी उत्तम चालली. सहाव्या दिवशी पारोळ्याहून येताना पुन्हा तोच दिवा, तोच फॅन. आता दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे ऐकायला मिळालं, "सेन्सर नवाच आहे, म्हणजे ईसीएम गेला असणार." (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर.) त्यांनी सांगितलेला खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि गाडी घरी आणली.

आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, विद्युत मंडळात वायरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मल्टिमीटर अजून उशाशी असतो. मी सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "ईसीएम ईसीएम काय करस? आधी माप, मंग खोल." माझ्याकडे ४५० रुपयांना घेतलेला ईएलएम ३२७ जातीचा, गाडीतले कोड फोनवर वाचून दाखवणारा ब्लूटूथ अडॅप्टर होता, फोनवर त्याचं ॲप होतं आणि आता आप्पांचा मल्टिमीटर होता. सगळं काम एवढ्या सामानात झालं.

कोड नेमकं काय म्हणतो

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात अडॅप्टर बसवला, चावी ऑन केली आणि कोड वाचला: पी ०११८. हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. त्याचा अर्थ, कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त.

सर्किट हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. माझे सेन्सरचे पैसे आणि नंतरचा सगळा मनस्ताप याच शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेला. सेन्सर खराब आहे असं कोड कुठेच म्हणत नाही. सेन्सर, त्याचा कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), दोन वायरी आणि ईसीएममधला त्यांचा भाग या साखळीत कुठेतरी गडबड आहे, एवढंच तो सांगतो.

हे सर्किट समजायला अवघड नाही. ईसीएम आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट एका वायरीवर सोडतो. दुसरी वायर सेन्सरकडून ईसीएमकडे परत जाते, ती अर्थची, म्हणजे निगेटिव्हची. दोन्हींच्या मध्ये सेन्सर, आणि सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. रेझिस्टन्स कमी झाला की सिग्नलच्या वायरीवरचं व्होल्टेजही खाली येतं, आणि त्यावरून ईसीएम तापमान ठरवतो. आता ही साखळी कुठेही तुटली तर व्होल्टेज उतरायला वाटच राहत नाही. ते ५ वरच थांबतं आणि ईसीएमला वाटतं की कूलंट अतोनात गार आहे. त्याच्या मोजपट्टीचं खालचं टोक उणे ४० अंश असतं, तोच आकडा दिसतो.

म्हणजे बाहेर पारा ४४ वर आणि गाडीला वाटतंय आपण बर्फात उभे आहोत. गार इंजिन सुरू करायला जादा पेट्रोल लागतं, म्हणून ती तापलेल्या इंजिनात भसाभसा पेट्रोल ओतते. प्लग भिजतात. रसवंतीपाशी नेमकं हेच झालं होतं. (तेव्हा मला माहीत नव्हतं, पण बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. मग पाय सैल करत आणला की गाडी पकडते.) फॅनचंही कोडं यातच सुटतं. खरं तापमान कळत नाही म्हटल्यावर ईसीएम धोका पत्करत नाही आणि फॅन चालूच ठेवतो.

कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड लागला त्या क्षणीचे बाकीचे आकडे. पुष्कळ जण ती उघडतच नाहीत. माझ्या गाडीत दिसलं ते असं: वेग ३६, आरपीएम १४५०, इंजिन सुरू होऊन १९ मिनिटं, आत येणाऱ्या हवेचं तापमान ४९ अंश, कूलंट उणे ४०. हवा ४९ ची आणि पाणी उणे ४० चं, दोन्ही एकाच क्षणी. शिवाय १९ मिनिटं म्हणजे इंजिन पुरतं तापलेलं. आणि ३६ चा वेग मी मोकळ्या रस्त्यावर कधी ठेवत नाही. तो खड्ड्यांचा तुकडा किंवा स्पीड ब्रेकर असणार. उष्णता आणि हादरा, दोन्ही एकत्र आले की बिघाड होतो, हा पहिला धागा इथे हाताला लागला.

पहिल्या मेकॅनिकने कोड पुसला तेव्हा त्याच्याबरोबर ही नोंदही पुसली गेली होती. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवला तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. म्हणून काहीही करण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी वहीतही उतरवून घेतलं.

सकाळी ६ ची परीक्षा

गाडी रात्रभर अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. सकाळी ६ वाजता, इंजिन सुरू न करता, फक्त चावी ऑन केली. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. दोन वेगवेगळे सेन्सर, पण दोघांभोवतीची हवा एकच. लाइव्ह डेटात हवा ३१ आणि कूलंट ३२. म्हणजे त्या घडीला सेन्सर, वायरी आणि ईसीएम, सगळे खरं बोलत होते. ईसीएम गेला आहे हे म्हणणं माझ्यापुरतं तिथेच निकालात निघालं.

याआधी मी कोड पुसला होता, त्यामागे कारण होतं. एकदा कोड लागला की काही गाड्यांत ईसीएम खरा आकडा दाखवणं सोडून ८० वगैरे मानलेला आकडा दाखवतो, आणि आपण त्यालाच खरा समजून बसतो. नोंदी हातात आल्यानंतरच पुसा, पण लाइव्ह डेटा बघण्याआधी पुसून घ्या.

मग इंजिन सुरू केलं आणि ॲपमध्ये कूलंटचा आलेख लावला. ३२, ४०, ५५, ७०. रेघ अगदी गुळगुळीत चढत होती. ९० च्या आसपास पोचल्यावर आप्पा म्हणाले, "आते हालाय." मी कपलर हलवला, काही झालं नाही. वायरीचा जुडगा इंजिनकडून वर येतो तिथे दाबला, तरी नाही. थर्मोस्टॅटच्या मागे जिथे वायरी काटकोनात वळतात, तिथे बोटाने हलकेच रेटा दिला. आलेखाची रेघ ९१ वरून सरळ उणे ४० वर कोसळली, आणि त्याच सेकंदाला फॅन धडधडत सुटला. बोट काढलं, रेघ परत ९१ वर.

त्या रेघेनेच निम्मं प्रकरण सुटलं. चार-पाच लिटर कूलंट एका सेकंदात १३० अंशांनी गार होऊ शकत नाही आणि पुढच्याच सेकंदाला पुन्हा तापू शकत नाही. इतक्या झपाट्याने जे बदलतं ते पाणी नसतं, वीज असते.

इथे एक कळकळीची सूचना. चालू इंजिनावर असं काम करताना गाडी उघड्यावर हवी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गळ्यात रुमाल, उपरणं, ओढणी काही नको. या बिघाडात फॅन कोणत्याही क्षणी सुरू होतो, तो आपली वाट बघत नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणीही, कशासाठीही उघडू नये.

दोनपैकी कोणती वायर

इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवली, कपलर सेन्सरपासून काढला. ॲपवर उणे ४०, अपेक्षेप्रमाणे. मग कपलरच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडल्या. आकडा १३० च्या वर गेला. दोन्ही टोकं अशी मिळाली की त्या घडीला वायरी आणि ईसीएम ठीक आहेत असं समजायचं. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या थर्मिस्टरवर करायची. तीन वायरींचे सेन्सर असतात, थ्रॉटलचा किंवा मॅनिफोल्ड प्रेशरचा, त्यांच्या कपलरमध्ये अशी तार घालू नका. तिथे एक वायर थेट ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि तो शॉर्ट झाला तर भलतंच होऊन बसतं.

मल्टिमीटरची जाड टोकं कपलरच्या पिनांत खुपसू नयेत. आतलं टर्मिनल फाकतं आणि आपणच नवा लूज कनेक्शन तयार करतो. मी टाचणी वापरली.

तार काढून दोन्ही पिनांमध्ये मोजलं: ४.९८ व्होल्ट. आप्पांनी वळणापाशी वायर हलवली की आकडा शून्याकडे पडायचा, परत यायचा. यावरून एवढंच कळतं की दोनपैकी एक वायर तुटते आहे. कोणती? त्यासाठी मीटरचं काळं टोक कपलरमधून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि लाल टोक सिग्नलच्या पिनेवरच ठेवलं. वायर कितीही हलवली तरी ४.९८. जरासुद्धा हललं नाही. म्हणजे ५ व्होल्ट आणणारी वायर शाबूत होती. तुटत होती ती परतीची, अर्थची.

मला सगळ्यात आवडलेला तर्क याच्या पुढचा. सेन्सरची ही अर्थची वायर पुष्कळदा एकट्या सेन्सरची नसते. थ्रॉटलचा, हवेचा, असे बाकीचे सेन्सरही वायरिंगमध्ये पुढे एका जोडावर तिलाच येऊन मिळतात. तो जोड किंवा त्याच्यापलीकडचा भाग तुटला असता तर सगळ्यांची एकदम बोंब झाली असती आणि चार-पाच कोड लागले असते. माझ्याकडे कोड एकच होता. म्हणजे तुटलेली जागा कपलर आणि पहिला जोड यांच्या दरम्यान, हातभर अंतरात होती.

आप्पा खुर्चीवरूनच म्हणाले, "तार कोठे तुटस? जठे वाकस, तठे."

पातेल्यातला सेन्सर

जागा जवळजवळ सापडली होती, तरी एक शंका मला सोडत नव्हती. पहिला सेन्सर खरंच गेला होता का? मेकॅनिकने तो मला परत दिला होता. घरातलं एक जुनं स्टीलचं पातेलं घेतलं (कूलंटचा अंश विषारी असतो, त्यामुळे ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही हे आधीच ठरवलं), त्यात पाणी, स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर आणि दोऱ्याने टांगलेला सेन्सर, पितळी भाग पाण्यात आणि पिना बाहेर. बारीक गॅसवर तापवत गेलो. ३० अंशांना १.७ किलोओहम, ५० ला ८३५ ओहम, ८० ला ३२५, आणि पाणी खळखळून उकळू लागल्यावर १९० च्या जवळ. प्रत्येक पायरीवर पाणी ढवळून मिनिटभर थांबायचं, नाहीतर थर्मामीटर आणि सेन्सर दोघांना वेगवेगळं पाणी लागतं. आकडे सलग उतरत गेले, कुठे उडी नाही, कुठे अडकणं नाही.

काढून टाकलेला सेन्सर ठणठणीत होता.

मग तो बदलल्यावर पाच दिवस गाडी का चालली? नवा सेन्सर बसवताना कपलर ओढला-ढकलला गेला आणि वायरीची तुटकी टोकं पुन्हा एकमेकांना टेकली, एवढंच. मेकॅनिकला मी दोष देत नाही. कोड आला, सेन्सर बदलला, दिवा विझला. त्याच्या समोर जे होतं त्यावरून त्याने केलं. पण भाग बदलल्यावर गाडी चालणं म्हणजे तो भाग खराब होता याचा पुरावा नव्हे. तो पुरावा पातेल्यात मिळतो, आणि त्याला अर्धा तास पुरतो.

(तुमच्या गाडीच्या सेन्सरचे आकडे वेगळे असू शकतात. आकड्यांपेक्षा तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स न अडखळता उतरतो का, हे बघा.)

वायर उघडली तेव्हा

इंजिन बंद करून चावी काढून ठेवली. थर्मोस्टॅटच्या मागे हात घातला तर वायरींचा जुडगा एका नायलॉनच्या टायने नव्या होजच्या क्लिपला आवळून बांधलेला. जानेवारीत होज बदलताना मूळची प्लास्टिकची क्लिप तुटली असावी आणि त्या जागी कुणीतरी टाय मारला असावा. इंजिन हललं की जुडगा हलायला बघायचा आणि टाय त्याला धरून ठेवायचा, दर वेळी त्याच एका बिंदूवर. चार महिने असं चाललं होतं.

टाय कापला आणि काळी, म्हणजे अर्थची, वायर दोन बोटांत धरून हळूच ताणली. चांगली वायर ताणली जात नाही, आतलं तांबं तिला धरून ठेवतं. ही रबरासारखी लांबली. बाहेरून इन्सुलेशनला साधी चीरही नव्हती. ब्लेडने सोललं तर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी, आणि दोन-तीन केसाएवढ्या तारा कशाबशा टेकलेल्या. सकाळी गार असताना टोकं टेकायची. इंजिन तापलं की इन्सुलेशन मऊ होऊन लांबायचं, टोकं दूर जायची, आणि खड्डा आला की उरलंसुरलं सुटायचं. फ्रीझ फ्रेममधली १९ मिनिटं आणि ३६ चा वेग, दोन्ही त्या हिरव्या भुकटीत सापडले. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ ती वायर न्याहाळली आणि मान हलवली.

दुरुस्ती पटकन झाली. हिरवेपणा संपून लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडून वायर कापली, त्याच जाडीचा गाडीच्या वायरिंगचा नवा तुकडा मधे घातला, दोन्ही जोड क्रिम्प केले (धातूच्या नळीत घालून दाबून घट्ट केले) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. आप्पांचा कल सोल्डरकडे होता. पण हादऱ्याच्या जागी सोल्डर वायरीत आत झिरपून तिला कडक करतो, आणि मग ती सोल्डर संपतो तिथे मोडते, म्हणून मी क्रिम्पवर अडून बसलो. ते ऐकले. जुडगा नालीदार पाइपमध्ये घातला, थोडी ढील ठेवली आणि होजपासून दूर बांधला. सामानाचा खर्च १२० रुपये.

दिवा मी विझवला नाही

तपासणीत वायर हलवताना कोड पुन्हा लागला होता. या वेळी मी तो मुद्दाम पुसला नाही. आपण पुसला की दिवा विझतोच, त्यावरून काही ठरत नाही. ओबीडी-२ च्या नियमाप्रमाणे सलग तीन ड्राइव्हिंग सायकलींत दोष दिसला नाही तर ईसीएम स्वतःच दिवा बंद करतो. मला त्याचंच म्हणणं ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी भर दुपारी पारोळ्याला जाऊन आलो, फोनवर आलेख चालू ठेवून. सगळे खड्डे मुद्दाम घेतले. रेघ ८८ आणि ९५ च्या मधे डोलत राहिली. दुसऱ्या दिवशी धुळे, येताना त्याच रसवंतीवर थांबून, इंजिन बंद करून, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला. पहिल्या फेऱ्यात पकडली. आई पुढच्या सीटवर होती, तिने काही विचारलं नाही, फक्त रसाचा पेला माझ्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी बाजार आणि स्टेशन, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. फॅन गप्प होता. इंजिन सुरू झालं आणि डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे गेले तसा चेक इंजिनचा पिवळा दिवाही गेला. ॲपमध्ये पी ०११८ जुन्या नोंदीत अजून होता. इंजिन ४० वेळा गारपासून पूर्ण तापून झालं की ती नोंदही ईसीएम स्वतःहून काढतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला होता तेव्हा मी पुन्हा अडॅप्टर लावला. यादी रिकामी होती. ॲव्हरेज लिटरला १२ वर आलं होतं, ते परत १६ झालं होतं. जुना सेन्सर कागदात गुंडाळून, त्यावर चार तापमानांचे चार आकडे लिहून, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला आहे.